मान्यवरांनंतरही सामना असतो

फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. यंदाचा पाहिला नसेल तर गेल्या वर्षीचा आठवा, फरक पडत नाही. बारा माणसं एका ओळीत उभी. मधल्याच्या पायापुढे चेंडू, त्याचा पाय जमिनीपासून वीतभर वर, नजर कॅमेऱ्यात. बाकी अकरा जणांची नजरही कॅमेऱ्यात.

चेंडूकडे कोणीच बघत नाही.

खेळाडू आहेत. मागे आहेत. खांद्यांच्या फटींतून दोन-चार डोकी दिसतात. खाली फोटोओळ. तिच्यात अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सगळ्यांची नावं पदांसकट. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, ‘यावेळी खेळाडू मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ ज्यांची स्पर्धा, त्यांची गणना गर्दीत.

फोटोग्राफरला शिव्या घालून उपयोग नाही. त्याला निरोप काय असतो? ‘सकाळी दहाला उद्घाटन आहे, या.’ तो येतो. पाहुणे साडेअकराला येतात. हार, शाल, नारळ, दोन भाषणं, चेंडूला एक लाथ. त्याचं काम झालं. पंचांची पहिली शिट्टी वाजते तेव्हा तो पुढच्या कार्यक्रमाच्या वाटेवर असतो, कारण तिथलं बोलावणंही सकाळचंच होतं.

पुन्हा त्याची आठवण होते ती बक्षीस समारंभाला.

मधल्या दोन-तीन दिवसांत मैदानात काय झालं? गोल झाले, पेनल्टी हुकली, कुणी रडलं, कुणाला खांद्यावर घेतलं. त्याचे फोटो कुठे आहेत? विचारून बघा आयोजकांना. ते शाल पांघरतानाचा फोटो दाखवतील.

‘धाराशिव हा काही फुटबॉलचा जिल्हा नव्हे,’ असं कुणीतरी म्हणणारच. खरं आहे. इथली माती खो-खोची. सारिका काळे इथलीच. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार, २०२०च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी. आता तिचा एक फोटो आठवा. पुरस्काराचा आठवला ना? नाहीतर सत्काराचा? जिल्ह्यातल्या मैदानावर सूर मारून गडी टिपणाऱ्या शाळकरी सारिकाचा फोटो किती जणांच्या डोळ्यांपुढे आला?

अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाची ही गत. मग फुटबॉलला कोण विचारतो?

इथे फुटबॉल येतो तो मुख्यतः शाळेच्या दारातून. तालुका, जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य, अशी शालेय स्पर्धांची शिडी. १९६०मध्ये सुरू झालेल्या सुब्रतो चषकाकडे जाणारी वाटही खालूनच सुरू होते. उमरग्याच्या, भूमच्या किंवा परंड्याच्या पोराचा फुटबॉल कधी कधी पहिल्या दोन पायऱ्यांवरच आटोपतो. दोन सामने, फार तर तीन. मग दहावी, बारावी, पुण्याची नोकरी.

त्या दोन सामन्यांचा एकही फोटो नसेल तर तो कसा खेळायचा हे कोण सांगणार? प्रमाणपत्रावर त्याचं नाव आहे. त्याचा डावा पाय त्यावर दिसत नाही.

आता कोल्हापूरकडे बघा. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि दिलबहार असा सामना लागला की पेठाच्या पेठा गॅलरीत जाऊन बसतात. हेही स्थानिकच फुटबॉल. तालमींचे संघ, गल्लीतली पोरं. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय असतं? चेंडू हवेत, त्याखाली दोन डोकी, आणि फोटोओळीत दोघांचीही नावं. नाव चुकलं तर पेठ गप्प बसत नाही.

तिथला वाचक सामन्याचा फोटो मागतो म्हणून त्याला तो मिळतो. आपला वाचक मागत नाही, कारण त्याने आपल्या गावातल्या सामन्याचा तसा फोटो पाहिलेलाच नाही. हा तिढा कुणी सोडवायचा? वाचकाने? त्याने का म्हणून? फोटो काढणाऱ्याने आणि काढून घेणाऱ्याने सोडवायचा.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सरकारने राज्यभरातल्या शाळांमध्ये फुटबॉल खेळवला. ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’. दहा लाख मुलं एकाच दिवशी मैदानात उतरवायची, असं उद्दिष्ट. कल्पना झकास होती, चेंडू शाळांपर्यंत पोचले, पोरांनी धुळीत मनसोक्त लाथा मारल्या. त्या दिवसाची कात्रणं चाळा. लाथ मारणारे नेते सापडतील, अधिकारी सापडतील.

दहा लाखांतलं एक पोर नावानिशी सापडलं तर दाखवा.

‘आमच्याकडे तसला कॅमेरा नाही हो.’ हे उत्तर तयारच असतं. मग तालुक्यातल्या लग्नाच्या कुठल्याही फोटोग्राफरकडे जा. त्याच्याकडे चांगली बॉडी असते. बऱ्याच जणांकडे ७०-२००ची लेन्सही असते, कारण स्टेजवरची अक्षता मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून टिपायची असते. ती नसेल तर ७०-३००ची साधी झूम असते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स ४५०ची असल्यासारखी लांबचं जवळ आणते. पेनल्टी क्षेत्रातला खेळाडू तिच्यात चांगला भरून येतो. तालुक्याच्या सामन्याला याहून जास्त काय लागतं?

लागतं ते नियोजन. कॅमेरा लाखाचा, आणि पहिला सामना कुणाचा कुणाशी हेच माहीत नाही. मग त्या लाखाचं काय करायचं?

म्हणून आधी निमंत्रणपत्रिका बाजूला ठेवा आणि सामन्यांचा तक्ता मागा. लॉट्स पडले की तो तयार असतो. एका मैदानावर दिवसाला चार-पाच सामने. सगळे पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत टिपायला गेलात तर तिसऱ्या सामन्याला बॅटरी संपते आणि चौथ्याला माणूस. त्यापेक्षा वेळ वाटून घ्या. पहिल्या फेरीच्या सामन्याला वीस मिनिटं. उपांत्य सामन्याचा अख्खा पूर्वार्ध. अंतिम सामना शिट्टी ते शिट्टी. वीस मिनिटांत एक चढाई, एक अडवणूक, एक गोलरक्षक आणि एक चेहरा मिळाला की तो सामना झाला. पाणी प्या, कार्ड बघा, पुढच्या सामन्याची तयारी करा.

एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा. स्पर्धेतला प्रत्येक संघ एकदा तरी खेळताना टिपला गेलाच पाहिजे. जिंकत जाणारा संघ उपांत्य फेरीत भेटणार आहे, अंतिम फेरीतही भेटणार आहे. पहिल्याच दिवशी हरणारा एसटी धरून गावाकडे जाणार आहे. मग पहिल्या दिवशी कॅमेरा कुणाकडे हवा?

आपल्याकडे तो त्याही दिवशी संभाव्य विजेत्यांकडेच असतो.

सामन्याआधी संघांच्या याद्या पंचांच्या टेबलावर येतात. दिवसाचा पहिला फोटो त्या यादीचा. दुसरा, संघ ओळीत उभा असताना, एकेकाच्या चेहऱ्याचा आणि नंबराचा. जर्सीवर नंबरच नसले तर? पुष्कळदा नसतातच. दोन्ही संघ निळ्या रंगात आले आणि एकाने वर बिब चढवले, असंही होतं. मग चेहरे ओळीने टिपा आणि त्याच क्रमाने नावं विचारून वहीत लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की रात्री नऊला प्रशिक्षकांना फोन जातो, ‘सर, तो कुरळ्या केसांचा कोण?’

सर म्हणतात, ‘कुठला? तिघे आहेत.’

मैदानात पाऊल टाकल्यावर आधी सूर्य बघा, मग पाहुणे. संध्याकाळच्या सामन्याला पश्चिमेची बाजू धरा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर आणि खेळाडूंच्या तोंडावर. सकाळी पूर्वेची. भर दुपारी धाराशिवचं ऊन डोक्यावरून येतं, भुवयांखाली काळे खड्डे पाडतं, डोळे दिसतच नाहीत. तेव्हा सावलीतलं काम उरका. बाकावरचे राखीव खेळाडू, पायाला पट्टी बांधणारे सर, पाण्याच्या जारभोवतीची झुंबड. हे फोटो दुपारीच मिळतात आणि कुणी काढत नाही.

आणि आयोजकहो, डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. चारचा अंतिम सामना पाहुण्यांसाठी पाचपर्यंत थांबवून ठेवला, तर उत्तरार्ध अंधारातच. पाहुणे वेळेवर आले नाहीत याची शिक्षा चषक जिंकणाऱ्या पोरांना का?

उभं कुठे राहायचं? मांडवात सोडून कुठेही. मांडवात खुर्ची मिळते, चहा मिळतो, फोटो मिळत नाही. जागा आहे गोलरेषेच्या मागे, कॉर्नरचा झेंडा आणि गोलपोस्ट यांच्या मधोमध. तिथे गुडघ्यावर बसायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत खेळाडूच्या डोक्यामागे लावलेल्या मोटारसायकली येतात. गुडघ्यावर बसलं की मागे आभाळ येतं, उडी उडीसारखी दिसते. पँटला मुरूम लागतो. लागू द्या.

लांबच्या गोलचा मोह सोडा. शंभर मीटरवरचा खेळाडू साध्या झूममध्ये मुंगीएवढा येतो, मग तो कापून मोठा करायचा, मग तो फुटतो. त्यापेक्षा जोरात असलेला संघ ज्या गोलवर चाल करून येणार आहे, त्या गोलमागे बसा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तुम्हीही बदला. एवढं चालायचाही कंटाळा येत असेल तर उद्घाटनंच करत राहा.

आता एक कॉर्नर बघू.

झेंड्याजवळ मुलगा चेंडू ठेवतो, फक्कीच्या चापाच्या आत आहे ना हे पंच बघतात. मैदानातले सगळे मोबाइल त्या मुलाकडे वळतात. तो धावतो, मारतो. हा फोटो कशाचा? एका मुलाने चेंडूला पाय लावल्याचा. सरावालाही तो असाच दिसतो.

त्याच क्षणी गोलसमोर काय चाललंय? बचावपटूने पुढच्याची जर्सी मुठीत धरलीय आणि पंचांची पाठ आहे. गोलरक्षक दोन पावलं पुढे आलाय, हात अर्धे वर, ‘माझा’ म्हणून ओरडताना गळ्याच्या शिरा ताणल्यात. दोन उंच पोरं एकमेकांना कोपरं लावून उभी आहेत. आणि मागून एक बुटका, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हळूच लांबच्या पोस्टकडे सरकतोय. गुडघ्यापर्यंत मुरमाची धूळ. चेंडू अजून हवेतच आहे. फोकस आधीपासून या घोळक्यावर हवा. बोट आधीपासून बटणावर. चेंडू चौकटीत शिरला की तीन-चार फ्रेम, बास.

तीस फ्रेम एका दमात झाडल्या की काय होतं? कॅमेरा भरतो, कार्डावर लिहीत बसतो. तेवढ्यात गोलरक्षकाने ठोसा मारून परतवलेला चेंडू त्या बुटक्याच्या पायाशी येतो. तो गोल करतो. तुमचं बटण दबलेलं आहे आणि कॅमेरा गप्प आहे.

शटर सेकंदाचा हजारावा भाग, त्याहून मंद नको. आयएसओ ऑटोवर. फोकस सतत पाठलाग करणारा. या तीन गोष्टी सामन्याआधी लावा आणि मग त्यांना हात लावू नका. संध्याकाळी फोटो दाणेदार येईल. येऊ दे. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला फेकावा लागतो. आणि मैदानात उभं राहून लेन्स बदलू नका. मुरमाची धूळ एकदा सेन्सरवर बसली की पुढच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत नवरीच्या गालावर ठिपका येतो.

गोल झाला की स्क्रीनमध्ये डोकं घालायची खोड आहे. ती मोडा. आला का, आला का, हे नंतर बघता येतं. पुढचे दहा सेकंद पुन्हा येत नाहीत. गोल करणारा कुठे पळतो? आपल्या बाकाकडे किंवा आपल्या शाळेच्या पोरांकडे. ती पोरं कुठल्या बाजूला बसलीत, हे सामन्याआधी बघून ठेवलं असेल तर तो तुमच्याच दिशेने पळत येतो.

आणि दोन फ्रेम हरलेल्या गोलरक्षकासाठी राखा. पोस्टला जाळी नसेल तर चेंडू आणायला त्यालाच पळावं लागतं, पार कुंपणापर्यंत. गोल खाल्लेला पोरगा, मागे रिकामी चौकट, लांब पडलेला चेंडू. स्पर्धेच्या कमानीला पैसे होते, जाळीला नव्हते, ही बातमी त्या एका फोटोत येते. छापायची हिंमत आहे का, एवढाच प्रश्न.

जिल्हा पान संध्याकाळी लावायला घेतात. रात्री दहाला पाठवलेला फोटो उद्याच्या अंकात जात नाही. परवाच्याही जात नाही, परवाला दुसरं उद्घाटन असतं. म्हणून निवड मध्यंतरातच. कॅमेऱ्यावर फोटो राखून ठेवायचं बटण असतं, बहुधा किल्लीची खूण. चांगली फ्रेम मिळाली की खेळ थांबलेला असतानाच ती राखून टाका. मध्यंतरात तेवढ्याच मोबाइलवर घ्या, तीन निवडा, पाठवा. कॅमेऱ्याचं घड्याळ सकाळीच पंचांच्या घड्याळाशी जुळवलेलं असेल तर गोल कितव्या मिनिटाला झाला, हे फोटोची वेळच सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की फोटो आक्रसतो. मोबाइलवर छान दिसतो, पानावर चार कॉलम ताणला की चेहऱ्यांची रांगोळी होते. उपसंपादक मग काय लावतो? उद्घाटनाचा. तो टपोरा आलेला असतो.

फोटोओळीवर थोडं थांबू. १३ जून १९८२, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान, विश्वचषकाचा पहिला सामना, अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम. स्टीव्ह पॉवेल या छायाचित्रकाराने टिपलेला मॅराडोनाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाय. पायाशी चेंडू घेतलेला एकटा मॅराडोना आणि समोर भेदरलेले सहा बेल्जियन. सहा जणांनी त्याला घेरलंय, असंच वाटतं. प्रत्यक्षात ती फ्री किकसाठी उभी केलेली भिंत होती. किक थेट गोलवर न मारता मॅराडोनाकडे सरकवली गेली, भिंत फुटली, आणि नेमकी ती घडी पॉवेलला मिळाली. सामना बेल्जियमने १-० असा जिंकला. हे न सांगता फोटो दाखवला तर बघणारा उलटाच सामना डोक्यात घेऊन जातो.

जगात गाजलेल्या फोटोलाही ओळीची गरज पडते. मग लोहाऱ्याच्या राइट विंगला नको?

ओळ कशी हवी? कोण, कुठल्या शाळेचा किंवा मंडळाचा, कुणाविरुद्ध, काय करताना, कितव्या मिनिटाला, निकाल काय. दोन वाक्यं. ‘रोमहर्षक सामन्यातील एक क्षण’ असं लिहिणाऱ्याने सामना पाहिलेला नाही, हे समजून चाला. आणि नाव लिहिताना त्या मुलाला विचारून लिहा. आयुष्यात पहिल्यांदा पेपरात नाव येतंय आणि आडनाव चुकलंय, हे कात्रण त्याची आई कुणाला दाखवणार?

मुलींचे सामने. तिथे फोटो हमखास हस्तांदोलनाचा. पाहुणे ओळीतून पुढे सरकताहेत, मुली हात पुढे करताहेत. त्याच मुलींनी पुढे तासभर जीव तोडून खेळलेला सामना कॅमेऱ्याबाहेर. का? त्या टॅकल करत नाहीत? हेडर मारत नाहीत? खांद्याला खांदा लावत नाहीत? करतात, मारतात, लावतात. टिपा ना.

मात्र एक शिस्त इथे कडक हवी, मुलांच्या सामन्यालाही हवी. ही शाळकरी पोरं आहेत. फोटो काढायला आणि छापायला पालकांची संमती प्रवेश अर्जातच घ्या, एक ओळ पुरते. कपडा सरकलेला, कसंही पडलेलं, दुखापतीने कळवळणारं पोर, असे फोटो जागच्या जागी पुसायचे. ते ग्रुपवर टाकून हसणाऱ्याला पुढच्या वर्षी मैदानात घ्यायचं नाही. यात चर्चेला जागा नाही.

स्पर्धा संपली की चारशे फोटो ग्रुपवर ओतले जातात. तिरके, पाठमोरे, एकसारखे सतरा. कुणी बघत नाही, सगळे पुसतात, आणि त्यात असलेले वीस चांगलेही जातात. प्रत्येक संघाला त्याचे दहा-बारा निवडून द्या, नावांसकट. एक पूर्ण संच आयोजकांकडे, एक जिल्हा क्रीडा कार्यालयात. फोल्डरवर वर्ष, स्पर्धा, सामना. फोटोग्राफर बदलतो, मोबाइल बदलतो, क्रीडाशिक्षकांची बदली होते. संच एकाच माणसाच्या खिशात असेल तर तो माणूस गेला की स्पर्धा गेली.

हे सगळं हौसेखातर आहे, असंही समजू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते, कारण खोटी प्रमाणपत्रं निघालेली आहेत. फोटो हा काही सरकारी दाखला नव्हे. पण इथूनच वर गेलेल्या खऱ्या खेळाडूवर कुणी संशय घेतला, तर तारखेचा, नंबराचा, घामेजलेला एक फोटो हाताशी असलेला बरा की नसलेला?

राहिला पैसा. तिथे सगळ्यांच्या माना खाली जातात. प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसे असतात. चौकाचौकातल्या फ्लेक्सना असतात, आणि त्यावर कुणाचे चेहरे असतात हे सांगायला नको. ढोलताशाला असतात. शाली आणि स्मृतिचिन्हांना असतात. फोटोग्राफरला काय सांगतात? ‘तुझं नाव होईल.’ पेट्रोल तो नावावर भरणार का? लग्नाच्या तिथीला तो मैदान सोडून गेला तर त्याला बेइमान ठरवायचं. त्याने मांडवात दिवसभर उभं राहून पैसे घ्यायचे आणि मैदानात दिवसभर गुडघ्यावर बसून फुकट काढायचे, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात?

एक फ्लेक्स कमी करा. दोन शाली कमी करा. तेवढ्यात त्याचा दिवस सुटतो. तोही परवडत नसेल तर गावातल्या कॉलेजातली दोन कॅमेरावेडी पोरं धरा, एक या गोलमागे, एक त्या गोलमागे, त्यांना जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं द्या. फुकट त्यांनाही राबवू नका.

येत्या शालेय स्पर्धांचे लॉट्स ज्या बैठकीत पडतील, तिथे मैदान कोण आखणार, फक्की कोण आणणार, पंच कोण, पाण्याचे जार कुणाकडून, हे सगळं वहीत लिहिलं जातं. त्याच वहीत त्याच दिवशी आणखी तीन नोंदी करा. फोटो कोण काढणार. पहिल्या सामन्याला तो किती वाजता मैदानात हवा. आणि त्याला किती द्यायचे.